मुकादमांची माणसं

सोमवार, ४ मार्च

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि खुर्ची अशी की पाठ टेकली की उठूच नये. आधीच्या कंपनीत माझ्या खुर्चीचं एक चाक कायम रुसलेलं असायचं. इथे खिडकीसुद्धा आहे. खाली मोठं अंगण, अंगणापलीकडे गोदाम. लोकांचा माल आम्ही सांभाळतो: टायर, फ्रीज, औषधांची खोकी. मागे कुणाचा तरी पियानो वर्षभर पडून होता म्हणे. धाकटा, म्हणजे माझा भाऊ, त्याच गोदामात कामाला आहे. वर जागा रिकामी असल्याचं त्यानेच मला सांगितलं आणि आता असा मिरवतोय, जणू माझी नेमणूक त्याच्याच सहीने झाली. डब्याच्या सुट्टीत वर येऊन माझं टेबल, माझा संगणक, माझी कचऱ्याची टोपली सगळं तपासून गेला. जाताना माझं नवं पेन लांबवलं.

शेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ बसतात. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात, कारण एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर आणि तिसरा ते दिवसभर शोधत असतात. त्यांनी मला आल्या आल्या सल्ला दिला की इथे काही सुधारायला जाऊ नये, सुधारलं की ते आपल्याच गळ्यात पडतं. दुपारी साहेबांनी पहिलं काम दिलं ते नेमकं सुधारणेचंच. मालाच्या नोंदी, रजा, पगार, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये चालतं आणि प्रत्येकाला आपापलं लॉगिन आहे. माणसं सोडून जातात, निवृत्त होतात, लॉगिन मात्र तसंच राहतं. घर सोडून जाणाऱ्याने दार नुसतं लोटून जावं तसं, कोणीही आत शिरू शकतं. वर्षातून एकदा कोणीतरी बसून ही न वापरलेली खाती हाताने बंद करतं. मी म्हटलं, हे यंत्रालाच करू दे की. चष्मेवाल्यांनी शोधाशोध थांबवून माझ्याकडे दयेने पाहिलं.

बुधवार, १३ मार्च

नियम आकार घेतोय. तीन महिने कोणी लॉगिन केलं नाही की यंत्राने आपणहून खातं बंद करायचं. पण आंधळेपणाने नाही. आजारी माणूस, बाळंतपणाच्या रजेवरची बाई, यांची खाती बंद झाली तर शिव्या मलाच पडणार. मग माणूस अजून आहे की नाही हे कोणाला ठाऊक असतं? त्याच्या वरिष्ठाला. या कंपनीत तसंही माणसाचं सगळं वरिष्ठाच्या हातून होतं. रजा त्याने द्यायची, बदली त्याने करायची, गोदामात तर पायातले जोडेसुद्धा तोच देतो. तेव्हा दर सोमवारी सकाळी वरिष्ठाला यंत्राकडून एक ओळ जाईल: ही व्यक्ती आपल्याकडे आहे का? खाली तीन बटणं. हो. नाही. पुन्हा विचारा. तिसरं बटण ही माझी खास अक्कल. त्याखाली शेऱ्यासाठी चौकटही ठेवली आहे. चष्मेवाले म्हणाले की इथे लोक स्वतःच्या नावापलीकडे काही लिहीत नाहीत, चौकट धूळ खात पडेल.

दुपारी गोदामात जाऊन मुकादमांना भेटले. धाकट्याचे वरिष्ठ तेच. आडवे, सावकाश, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. त्यांची पोरं त्यांना घाबरत नाहीत, पण त्यांच्यापुढे आळस करायची त्यांना लाज वाटते. माझं सगळं भाषण त्यांनी उभ्याने ऐकलं आणि एवढंच विचारलं की यंत्र माझ्या माणसाला मला न विचारता काढणार नाही ना. नाही, म्हटलं. मग ठीक आहे, म्हणाले. मागे उभा राहून धाकटा माझ्या हातवाऱ्यांच्या नकला करत होता. घरी गेल्यावर कान पिळणार आहे.

शुक्रवार, १२ एप्रिल

मंगळवारी गोदामातली रॅक कोसळली. एकीने दुसरीला ओढलं, दुसरीने तिसरीला. मुकादम गेले. त्यांची तीन माणसं गेली. धाकटा त्यांच्याबरोबरच होता. त्याला जिवंत बाहेर काढलं, पण तो शुद्धीवर नाही. डोक्याला मार आहे. डॉक्टर म्हणतात वाट पाहायची.

मी खिडकीतून आवाज ऐकला होता आणि वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. कुठलातरी ट्रक असेल असं वाटलं.

मंगळवार, ९ जुलै

किती दिवसांनी लिहितेय. आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्यात असते, ऑफिस सुटल्यावर मी जाते. धाकटा आहे तसाच आहे. आई त्याच्याशी गप्पा मारत असते. भाजी महागली, शेजारणीने मांजर पाळलं, काहीही. नर्स म्हणाली की ऐकू येत असेलही, बोलत राहा. तेव्हापासून आईच्या तोंडाला खळ नाही. मला मात्र त्याच्यापुढे बोलताच येत नाही. त्याचा हात हातात घेऊन बसते. त्याचं आणि माझं कधी भांडण झालं नाही असा दिवस आठवत नाही, आणि आता एक तरी टोमणा मारावा त्याने म्हणून जीव तुटतो.

कामात डोकं घातलं की बरं वाटतं. नियम तयार आहे. सोमवारी सुरू करणार.

सोमवार, १५ जुलै

सकाळी नियम चालू केला. दुपारपर्यंत बरीच उत्तरं आली, आणि शेऱ्याची चौकट धूळ खात पडली नाही. एका वरिष्ठाने निवृत्त कारकुनाबद्दल लिहिलं, 'गेला एकदाचा.' एकीने लिहिलं, 'नाही, आणि माझी छत्री घेऊन गेला.' चष्मेवाले आणि मी पोट धरून हसलो. एप्रिलनंतर पहिल्यांदा हसले असेन.

मग चार उत्तरं मुकादमांच्या खात्यावरून आली.

गेलेल्या तिघांबद्दल प्रत्येकी 'हो'. शेरे असे: 'पहिल्या पाळीत.' 'माल चढवायला लावलाय.' 'पाठ दुखते म्हणतो, हलकं काम दिलंय.' आणि धाकट्यापुढे 'पुन्हा विचारा'. शेरा: 'अजून पोचला नाही. वाट बघतोय.'

माझी चूक मला लगेच कळली. वरिष्ठच नसेल तर प्रश्न त्याच्या वरच्याला जावा, ही पायरी मी लिहिलीच नाही. नियम आखला तेव्हा मुकादम होते. आणि या चौघांना नवा वरिष्ठ नेमायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. प्रश्न तिकडे का गेला हे समजलं. उत्तर कोण देतंय?

मंगळवार, १६ जुलै

रात्रभर संतापाने डोळा लागला नाही. ज्याने कोणी ही थट्टा केली त्याची चामडी सोलायची असं ठरवून आले. चष्मेवाल्यांनी माझ्यासमोर तपासलं. मुकादमांचं खातं ते गेले त्याच आठवड्यात साहेबांनी स्वतः बंद केलेलं आहे. अपघाताच्या सकाळनंतर कोणी त्यातून आत गेलेलं नाही. त्या खात्यावरून उत्तर येऊच शकत नाही. चष्मेवाले बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले की तिसऱ्या माणसाची पाठ खरंच दुखायची. त्याने ते फक्त मुकादमांना सांगितलं होतं, आणि मुकादमांनी एकदा चहा पिताना चष्मेवाल्यांना.

सोमवार, २२ जुलै

तिघांपुढे पुन्हा 'हो'.

धाकट्यापुढे: 'पुन्हा विचारा. शेरा: फाटकापर्यंत आला होता. परत फिरला.'

संध्याकाळी दवाखान्यात गेले तर आईचा चेहरा उतरलेला. सकाळी त्याचा श्वास मध्येच थांबला होता. डॉक्टर धावत आले, यंत्र लावलं, आणि मग पुन्हा सुरू झाला. मला कामावर त्रास नको म्हणून तिने कळवलं नाही. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

शुक्रवार, २६ जुलै

नियम बंद केला. साहेबांना सांगितलं की त्यात दोष आहे. ते म्हणाले, एवढा छान चाललाय. मी म्हटलं, तरी बंद. आता सोमवारी कोणालाही प्रश्न जाणार नाही. विचारलंच नाही तर उत्तर कशाचं येईल?

सोमवार, २९ जुलै

प्रश्न गेला नाही. उत्तर आलं.

'तुम्ही विचारलं नाही म्हणून मीच कळवतो. दारात बसलाय. पायात काही नाही. मापाचे जोडे मिळाले की आत घेतो.'

साडेतीनला आईचा फोन. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली आहेत. डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. आई म्हणाली, जवळची म्हणजे तूच की गं.

मंगळवार, ३० जुलै

त्याला मुकादमांच्या हाताखालून काढायचं. दुसरं काही सुचत नाही. सकाळी मनुष्यबळ विभागातल्या बाईंकडे गेले आणि धाकट्याला साहेबांच्या हाताखाली टाका म्हटलं. त्या म्हणाल्या की आपल्याकडे सध्याच्या वरिष्ठाने सोडल्याशिवाय माणूस हलत नाही, पडद्यावर तशी सोयच नाही. मी म्हटलं, सध्याचा वरिष्ठ वारलाय. त्यांनी पडदा पुन्हा चाळून पाहिला. मग म्हणाल्या की असं कधी झालं नाही, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारून सांगते, आठवडाभर तरी लागेल. माझ्या हातात हात घेऊन त्यांनी भावाची चौकशी केली. चांगल्या बाई आहेत. आठवडा कुठून आणू?

मग मीच सॉफ्टवेअरमध्ये मागच्या दाराने शिरले. मला तेवढे अधिकार आहेत. धाकट्याच्या नावापुढचं मुकादमांचं नाव खोडून साहेबांचं घातलं. जागेवरून उठून पाणी पिऊन आले. मुकादमांचं नाव परत आलं होतं.

पुन्हा घातलं. पडद्यावरून नजर हलवली नाही. डोळ्यांची उघडझाप झाली तेवढ्यात — परत तेच.

बुधवार, ३१ जुलै

मुकादमांनाच अर्ज केला. दुसरा मार्गच नाही. सोडण्याची विनंती, कारण: 'तो माझा धाकटा भाऊ आहे.' पाठवण्याआधी तीनदा वाचला. मनात मात्र कुठेतरी आशा — ते चांगले गृहस्थ होते. दुष्टपणाने नसतील करत. काम चालू आहे आणि आपला माणूस आला नाही, एवढंच त्यांना दिसत असेल.

डब्याच्या सुट्टीत उत्तर.

'सोडायला हरकत नाही. पोरगा गुणी आहे. पण हात कमी पडतात. बदली माणूस द्या, लगेच मोकळा करतो.'

खाली चौकट. बदली माणसाचं नाव निवडा. आणि त्यात कंपनीतलं प्रत्येक नाव.

गुरुवार, १ ऑगस्ट

शहाणपणा करून पाहिला. मागेच वारलेल्या एका वॉचमनचं नाव दिलं.

'ते आहेत आमच्यात. दुसऱ्या पाळीत.'

नियम तपासायला मी एक खोटं खातं बनवलं होतं, नाव अमुक तमुक. ते दिलं.

'असा माणूस नाही. ताई, थट्टा नको. काम पडून आहे.'

ताई म्हणाले. धाकटा मला ताई म्हणतो. तो तिथे बोलतोय त्यांच्याशी —

मग मी नावं खाली खाली सरकवत गेले. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. प्रत्येक नावाशी थांबून विचार करत होते, याच्या घरी कोण आहे, हा गेला तर किती जण रडतील. चष्मेवाल्यांच्या नावावर थांबले. वय झालंय. बायको गेली. मुलगा दूर देशी. बोट बटणावर होतं. तेवढ्यात ते शेजारून म्हणाले की सकाळपासून काही खाल्लं नाहीस, आणि आपल्या डब्यातला अर्धा भाग माझ्यापुढे सरकवला. मी रडायला लागले. त्यांना वाटलं भावासाठी रडतेय. पाठीवर हात ठेवून बसून राहिले बिचारे.

नाव पुसलं. आता एकच नाव उरतं, ते मला कालच माहीत होतं. उगीच आढेवेढे.

शुक्रवार, २ ऑगस्ट

सकाळी माझं नाव दिलं.

रुजू होण्याची तारीख मागत होतं. मी पन्नास वर्षांनंतरची घातली.

'आज माणूस लागेल.'

आजची घातली.

मग:

'ठीक. तुमच्या दोघांचं मन कळलं पाहिजे. दुपारच्या पाळीला हजेरी घेतो. त्याचं नाव पुकारतो, तुमचंही पुकारतो. जो आधी हजर म्हणेल तो माझा. दुसरा सुटला.'

दोघंही गप्प राहिलो तर? हे विचारलं नाही. मीच मनाशी धरलं. तो तर बेशुद्ध आहे, तो कसला बोलतोय. मी तोंड उघडणार नाही. कोणीच ओ दिली नाही तर कोणीच जाणार नाही. मुकादम पोकळ शब्द देणारे नव्हेत. एवढा वेळ मी घाबरत कशाला होते!

दुपार

अंगणात कोणी नाही. गोदामाचं दार अपघातापासून बंदच आहे.

आवाज येतोय. सावकाश, न चढवता. एकेक नाव, आणि प्रत्येक नावाला — हजर. हजर. पाठ दुखणारा तोसुद्धा. शेजारी चष्मेवाले निवांत टाइप करताहेत. त्यांना काही ऐकू येत नाही.

माझं नाव आलं.

दातांवर दात धरून बसलेय. काही बोलले नाही. शांतता. मुकादम थांबले आहेत. पुढे जात नाहीत.

फोन. आई.

आई हसतेय, रडतेय — त्याने डोळे उघडले म्हणे. सकाळपासून ओठ हलत होते, आता सारखे हलताहेत, दाराकडे पाहतोय, कोणीतरी बोलावल्यासारखा — काहीतरी सांगायचंय त्याला, शब्द तोंडावर आलाय नुसता —

आई, त्याला बोलू देऊ नकोस. त्याच्या तोंडावर हात ठेव. ओरडून सांगितलं. तिला ऐकूच येत नाहीये. फोन तिने त्याच्या उशाशी ठेवलाय, मला त्याचा आवाज ऐकवायला —

खाली त्याचं नाव पुकारलं.

बोल राजा, आई म्हणतेय. बोल ना. एक शब्द बोल. ह म्हणतोय गं, ऐकलंस का, ह —

नाही. तू नाही. मी, मुकादम, मी आहे, इकडे, वर खिडकीत, हज